पुण्याची वाचनालये आणि आपली तीन कपाटं

स्मरणिका समितीने ‘सोसायटीच्या वाचनालयावर लिहा’ असं सांगितलं तेव्हा मला हसू आलं. क्लब हाऊसशेजारच्या खोलीतली तीन गोदरेजची कपाटं आणि एक टेबल, याला वाचनालय म्हणावं की नाही यावरच आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पण बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे कोणत्याही खात्याचा जुना उतारा आधी पाहायची सवय आहे. म्हणून सुरुवात पुण्याच्या उताऱ्यापासून.

पेशवाई जाऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती. 1848 साली पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, म्हणजेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे जाणतो. लायब्ररीची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. तिच्या पाठीराख्यांत गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी होते. वय पंचवीस, नोकरी सरकारी. त्याच वर्षी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून त्यांची शतपत्रं येऊ लागली आणि आपल्या लोकांनी वाचावं, नवी विद्या शिकावी, असा धोशा त्यांनी लावला. देवळाला, अन्नछत्राला देणगी द्यायची आपल्याला सवय होती. पण चार लोकांनी वर्गणी काढून पुस्तकं घ्यायची, ती सगळ्यांची मिळून असायची आणि वाचून परत करायची, हे शिकावं लागणार होतं. (परत करायची असतात, हे आपले काही सभासद अजून शिकत आहेत. नावं घेत नाही.)

ही लायब्ररी बुधवारवाड्यात होती. मे 1879 मध्ये एकाच रात्री बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या, त्यात बुधवारवाडा गेला. संस्था मात्र राहिली.

माझ्या पिढीची आठवण आगीची नाही, पाण्याची आहे. 12 जुलै 1961, पानशेतचा पूर. मी तेरा वर्षांचा होतो, आम्ही नारायण पेठेत राहायचो. पाणी ओसरल्यावर आई ओट्यावर बसून चिखलाने चिकटलेली पानं उलथन्याने सोडवत होती, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. त्यातली दोन पुस्तकं वाचली, बाकीची टाकावी लागली. आमच्याच पेठेतल्या, 1911 साली सुरू झालेल्या पुणे मराठी ग्रंथालयालाही पुराचा तडाखा बसला. तेही आज चालू आहे. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी वाचनालयाची वर्गणी भरली होती. घरी सांगितलं नाही, कारण घरात तेव्हा पंखाही नव्हता.

आता पैशाचा मुद्दा, कारण तो माझा विषय. वाचनालयाला पैसा कुठून येतो? मद्रास राज्याने 1948 च्या कायद्यात थेट ग्रंथालय कर ठेवला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात कर नाही, सरकारी अनुदान आहे, आणि ते अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे मिळतं. अनुदानामुळे गावोगावी वाचनालयं उभी राहिली हे खरं. पण ज्या खात्यात एकाच ठिकाणाहून पैसे येतात, त्या खात्याची मला नेहमी काळजी वाटत आली आहे.

मला स्वतःला सयाजीराव गायकवाडांची रीत आवडते. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्याला आणले आणि खेडोपाडी वाचनालयं काढायला घेतली. गावाने जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. यातली खुबी अशी की गावकऱ्याचा रुपया आधी पडतो. रुपया टाकलेला माणूस मग दार बंद दिसलं की विचारायला येतो.

हे मला आपल्याच सोसायटीत उशिरा कळलं. 2006 मध्ये आम्ही तिघांनी वाचनालय काढलं ते देणगीच्या पुस्तकांवर, आणि सगळं फुकट. जुनी गाईडं, कालबाह्य टॅक्सची पुस्तकं, रद्दीवाल्याने नाकारलेले अंक असं सगळं जमा झालं. रविवारी सकाळी तासभर मी कुलूप उघडून बसायचो. दोन वर्षांत पुस्तकं नेणारी घरं बारा. दोष मी लोकांना देत होतो. शेवटी सी विंगमधल्या एका वहिनींनी सुनावलं, ‘भाऊजी, रविवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात असतो. आणि तुमच्याकडे आम्हाला हवं असं आहे काय?’

मग वही घेऊन घरोघर फिरलो. वहिनींना दिवाळी अंक हवे होते, मुलांना चित्रांची पुस्तकं, आणि गुडघे दुखणाऱ्यांना पुस्तक वर हवं होतं. वेळ संध्याकाळी 6 ते 8 केली. महिना वीस रुपये वर्गणी ठेवली आणि सभेत बडोद्याचा दाखला देऊन, जेवढी वर्गणी तेवढीच रक्कम सोसायटीची, असा ठराव करून घेतला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या पेट्यांबद्दल वाचल्यावर प्रत्येक विंगमध्ये लिफ्टजवळ एक पेटी ठेवली. फुकट असताना बारा घरं होती, पैसे लावल्यावर एकोणसाठ झाली!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. गेल्या वार्षिक सभेत ती खोली पार्सल ठेवण्यासाठी द्यावी असा प्रस्ताव आला. दिवसाला साठ-सत्तर पार्सलं येतात, वॉचमनची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण कपाटं ‘तूर्तास गच्चीवरच्या खोलीत’ हलवावीत असंही त्यात लिहिलंय. पावसाळ्यात त्या खोलीच्या भिंतीला ओल येते, हे मी गळतीच्या बिलांवर सह्या केल्यामुळे जाणतो. निर्णय पुढच्या सभेत आहे. तोपर्यंत वाचनालयाची नोंदवही टेबलावरच ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्र्याण्णव पुस्तकं घरी गेली, त्यातली चाळीस मुलांची. ज्यांना पाहायची असेल त्यांनी 6 नंतर यावं, मी तिथेच असतो.