काचेच्या अलीकडे : एक प्रस्तावना

सातारा-सांगलीकडे नवजात बाळ अतिदक्षता विभागात दाखल झाले की घरचे माणूस फोनवर सांगते, "बाळ पेटीत ठेवलंय." ऐकणाऱ्याला तेवढे पुरते. पेटीत काय चालते, ते किती दिवस चालणार आणि तोवर आईबापांनी करायचे काय, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. नवजात बालकांच्या वैद्यकावर उत्तम ग्रंथ आहेत, पण ते काचेच्या पलीकडून, डॉक्टरांच्या बाजूने लिहिलेले आहेत. काचेच्या अलीकडे बाकावर बसलेल्या माणसांचाही अभ्यास करता येतो, आणि बाळाच्या जगण्यावाचण्याशी त्याचा थेट संबंध आहे. या विषयाकडे वाचकांनी कुतूहलाने पाहावे, एवढीच विनंती.

आधी मुलूख पाहू. महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरापासून माण, आटपाडी, जतच्या माळरानापर्यंत हे दोन जिल्हे पसरले आहेत. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय, सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालय. मिरजेची गोष्ट वेगळी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातही "मिरजेला नेलंय" म्हटले की आजार गंभीर आहे हे कळते. या भागाला त्याचा थोडा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

पण रुग्णालय जवळ असले म्हणून आईबाप बाळाजवळ असतीलच असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. लेक जतला, जावई पुण्याला नोकरीवर, बाळ मिरजेला. जावई पोहोचेपर्यंत कागदपत्रे, रक्तपेढी आणि औषधाचे दुकान यांच्यामध्ये मामा पळत असतो. गळीत हंगामात आणखी एक आई या विभागांत दिसते : बीडकडून कारखान्यावर आलेली ऊसतोड कामगार. नवराबायको मिळून एक कोयता, आणि आगाऊ उचलही त्या एका कोयत्यावर घेतलेली. ती बाळापाशी थांबली की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पुरी फेडावी लागते. "आईने इथेच थांबायला हवे" हा सल्ला तिला देणाऱ्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही. समाजशास्त्र शिकणाऱ्यांनीही इकडे वळावे.

या शास्त्राचा इतिहास म्हणजे आधी दार लावण्याचा आणि मग ते हळूहळू उघडण्याचा इतिहास आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी उबेची पेटी वापरात आणली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदें यांच्या लवकरच ध्यानात आले की बाळापासून दूर ठेवलेल्या आया त्याला दुरावतात. आईने जवळ राहावे, स्वतः पाजावे असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या पिढ्यांनी पेटी घेतली आणि आग्रह सोडून दिला. त्यात दुष्टावा नव्हता. संसर्गाने बाळे जात होती, प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक माणूस धोक्याचा वाटे, आईसुद्धा.

दार उघडले ते गरिबीने. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एदगार रेय यांच्याकडे पेट्या कमी आणि बाळे जास्त होती. त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधली. हीच कांगारू पद्धत. बरीच वर्षे तिच्याकडे गरिबांची सोय म्हणून पाहिले गेले. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर मोठा अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली, तेव्हा मृत्यूंमध्ये सुमारे २५ टक्के घट दिसली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष आले आणि पुढच्याच वर्षी संघटनेने शिफारस बदलली. यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच हवी. आपल्याकडच्या किती कक्षांत तेवढी जागा निघेल, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा.

महाराष्ट्राने या विषयात घातलेली भर लहान नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. इतकी चिकाटी संशोधनात विरळाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरवून दाखवला. आज आशाताई बाळाला पाहायला घरी येते, त्यामागे हे काम आहे.

आता काचेपाशी या. दोन गोष्टी जवळून पाहिल्या की बाकीचा विषय आपोआप उलगडतो.

पहिली गोष्ट दुधाची. बाराशे ग्रॅमच्या बाळाला ओढून पिता येत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडले. पहिल्या दिवशी आई उकळलेल्या वाटीत दूध काढायला बसते. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचे, मग चिमटीत आणायचे, असे नर्स दाखवते. बऱ्याच वेळाने वाटीच्या तळाला पिवळसर चिकाचे काही थेंब दिसतात आणि आई म्हणते, "मला दूधच नाही." पण त्या बाळाला सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मिलिलिटरच लागते, आणि हा चीक त्याला संसर्गापासून जपतो. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहिले की दूध वाढते. अतिदक्षतेतल्या उपचारांपैकी हा उपचार फक्त आईच्या हातात आहे. तिला तो उपचार म्हणून कोणी सांगत नाही, हे मला फार खटकते.

दुसरी गोष्ट पडद्यावरच्या आकड्याची. आईबाप बाळाकडे कमी आणि प्राणवायूच्या आकड्याकडे जास्त पाहतात; ९२ दिसले की जीव खालीवर होतो, १०० दिसले की बरे वाटते. खरे तर प्राणवायू लावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात साधारण ९० ते ९५ हाच आकडा हवा असतो. १९४० च्या दशकात आणि त्यानंतरही पाश्चात्त्य देशांत हजारो बाळांची दृष्टी गेली, आणि कारण निघाले सढळ हाताने दिलेला प्राणवायू. भोंगा वाजतो तोही पुष्कळदा पायाची वायर सैल झाल्यामुळे. तुम्ही आकडा सोडून हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर लगेच नर्सला हाक मारा.

घरातल्या समजुतींकडे अभ्यासकाने तुच्छतेने पाहू नये. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" हे वाक्य या विभागांबाहेर हमखास ऐकू येते. ते चूक आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. पण ते म्हणणारी आजीच पुढे बाळाला छातीशी धरून तासन् तास बसते, कारण कांगारू पद्धत बापाला, आजीला, मावशीलाही जमते. सटवाई पाचवीच्या रात्री बाळाचे नशीब लिहून जाते असे मानणाऱ्या घराला ती रात्र काचेबाहेर काढावी लागते. सव्वा महिना शेक-शेगडीत राहायची ती बाळंतीण टाके ओले असताना जिन्यावरून ये-जा करते. तिची काळजी कोण घेतो, हा प्रश्न तपासणीच्या कागदावर नसतो.

या विषयाची काही पाने जड आहेत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. सरकारी कक्षांत दाखल होणाऱ्यांत मुली कमी भरतात. मुलगे जन्मतः थोडे अधिक नाजूक असतात, पण तेवढ्याने सगळा फरक समजत नाही. ज्या साताऱ्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे द्यावी लागली, तेथे हा फरक डोळसपणे पाहायला हवा. आणि काही बाळे घरी येत नाहीत. त्यानंतरही आईला दूध येत राहते, हे तिला आधी सांगणारे कोणी तरी असावे.

विद्यार्थ्यांनी आणि जिज्ञासूंनी इतिहासापासून सुरुवात करावी. पण ज्यांचे बाळ आज आत आहे, त्यांनी इतिहास खुशाल सोडून दुधाकडे वळावे. जमल्यास बापाने एक वही करावी : रोजचे वजन, दूध, डॉक्टर काय म्हणाले. पहिल्या आठवड्यात वजन उतरते. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येते, त्यामुळे घाबरू नये. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताची औषधे, तपासण्या, रक्त आणि नेआण मोफत आहे. संकोच न करता विचारावे. आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. लांबलेले बारसे नेमके त्याच सुमारास निघते, घर पाहुण्यांनी भरते, आणि गाडी काढून मिरजेला किंवा साताऱ्याला कोण जाणार यावर चर्चा होते. बारसे आणखी आठ दिवस पुढे ढकलावे.