पिरॅमिड सरकतात तेव्हा : एका मुखपृष्ठाची गोष्ट

१/ काही वर्षांपूर्वी हौस म्हणून मी शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकाच्या धर्तीवर एक काल्पनिक मुखपृष्ठ संगणकावर तयार केले होते. पिवळट कागद, किंचित सरकलेली लाल शाई, कसरीने खाल्लेली कड. खाली कोपऱ्यात लिहिले होते : ‘काल्पनिक पुनर्निर्मिती’. गेल्या महिन्यात तेच चित्र माझ्याकडे परत आले. सोबत मजकूर होता, ‘दुर्मिळ मूळ अंक, जपून ठेवा’. #धागा

२/ ज्याने हे केले त्याने चित्रात एकही रेघ वाढवली नव्हती. तळाची बोटभर पट्टी तेवढी छाटली होती. फसवणुकीसाठी फार कौशल्य लागते हा माझा समज त्या दिवशी गळून पडला. म्हणून आज अशाच एका ‘लहानशा’ बदलाची हकीकत सांगतो. मुखपृष्ठ आहे फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे.

३/ त्या पिवळ्या चौकटीत गिझाचे पिरॅमिड दिसतात आणि त्यांच्यासमोरून उंटस्वार जाताना दिसतात. छायाचित्रकार गॉर्डन गेहन. चित्र देखणे होते यात शंका नाही. अडचण एकच होती : गेहन यांनी टिपलेले मूळ छायाचित्र आडवे होते आणि मासिकाचे मुखपृष्ठ उभे.

४/ या अडचणीचे गणित मांडून पाहा. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असते. मासिकाचे पान साधारण ७ × १० इंच. पूर्ण उंची राखून आडव्या चौकटीतून या प्रमाणाचा उभा तुकडा कापला, तर रुंदी उरते जेमतेम १७ मिमी. म्हणजे निम्म्याहून अधिक दृश्य कात्रीखाली जाते.

५/ संपादकासमोर मग तीनच मार्ग उरतात. एक पिरॅमिड अर्धवट कापावा, दुसरे छायाचित्र निवडावे किंवा आडवेच चित्र लहान करून वरखाली मोकळी जागा सोडावी. पिढ्यान्‌पिढ्या संपादकांनी या तिन्हींपैकी काही ना काही पत्करले होते. १९८२ मध्ये मात्र चौथा मार्ग उपलब्ध झाला होता : दोन पिरॅमिडच एकमेकांच्या जवळ आणणे.

६/ हे काम फोटोशॉपने झाले, असे अनेक जण सांगतात. ते अशक्य आहे, कारण फोटोशॉप बाजारात यायला अजून ८ वर्षे होती. वापरली गेली ती ‘सायटेक्स’ या इस्रायली कंपनीची यंत्रणा. एफी अराझी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी प्रथम कापडावरील नक्षीकामासाठी यंत्रे बनवत असे. पुढे ती रंगीत छपाईच्या पूर्वतयारीकडे वळली.

७/ या यंत्रणेत छायाचित्र स्कॅन होऊन लक्षावधी ठिपक्यांत विभागले जाई आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांत नोंदला जाई. एकदा चित्राचे अंक झाले की त्यांची मांडणी बदलता येते. आज खिशातला फोन जे करतो, तेच हे यंत्र करीत होते. फरक इतकाच की त्याची किंमत लाखो डॉलरच्या घरात होती आणि ते मोजक्या मोठ्या छापखान्यांनाच परवडत असे.

८/ हा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. रायगडाच्या किंवा सिंहगडाच्या माथ्यावरून स्वतः काढलेले एखादे आडवे छायाचित्र घ्या. त्यात दूरवर दोन शिखरे असावीत. ते संपादन-प्रणालीत उघडा, एका शिखराभोवती निवडरेषा आखा, ते वेगळ्या थरावर उचला आणि दुसऱ्याच्या दिशेने सरकवा.

९/ शिखर सहज सरकते. खरी परीक्षा पुढे आहे. ते जिथून उचलले तिथे खिंडार पडते, ते शेजारच्या आकाशाच्या नकलेने भरावे लागते. नक्कल उघडी पडू नये म्हणून कडा विरळ कराव्या लागतात. आकाशाचा निळा रंग क्षितिजाकडे फिकट होत जातो, तो उतार जुळवावा लागतो. शेवटी फिल्मचे कण सर्वत्र सारखे दिसतील हेही पाहावे लागते.

१०/ अर्ध्या तासाने तुमच्यासमोर एक सुबक उभे चित्र असेल आणि सह्याद्रीत कुठेही नसलेली एक खिंड तुम्ही निर्माण केलेली असेल. मी हे केले तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. तो आनंद नीट लक्षात ठेवा, कारण सदिच्छेने केलेल्या बहुतेक फेरफारांच्या मुळाशी तोच असतो.

११/ मुखपृष्ठावर टीका झाली, तेव्हा संपादक विल्बर गॅरेट यांनी त्याचे समर्थन केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर जे दिसले असते, तेच आम्ही नंतर साधले. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण तो प्रत्यक्ष जागेवर तपासून पाहा.

१२/ आपण बाजूला सरकतो तेव्हा जवळच्या वस्तू दृष्टीसमोरून भराभर सरकतात, दूरच्या जवळजवळ स्थिर राहतात. आगगाडीच्या खिडकीतून विजेचे खांब पळतात आणि डोंगर सोबत चालतात, ते याच कारणाने. दूरच्या दोन प्रचंड वास्तूंमधले दृश्य अंतर चार पावलांनी मिटत नाही. ते मिटेपर्यंत चालत गेले, तर समोरचे उंट केव्हाच आपली जागा सोडून गेलेले असतील.

१३/ थोडक्यात, मुखपृष्ठावरचे दृश्य ज्या जागेवरून दिसेल अशी जागा त्या वाळवंटात नव्हती. ज्यांचे वजन लाखो टनांत मोजावे लागते, ज्या साडेचार हजार वर्षे जागच्या हलल्या नाहीत, त्या वास्तूंपैकी एक पानाच्या सोयीसाठी हलली.

१४/ ‘पण त्यात बिघडले काय?’ हा प्रश्न रास्त आहे. कोणाची बदनामी झाली नाही, कोणाचा पैसा बुडाला नाही. बिघडले ते इतकेच : त्या मासिकातील प्रत्येक चित्राकडे वाचक ‘हे जग असे आहे’ या विश्वासाने पाहत होता. एक पिरॅमिड सरकू शकतो हे कळल्यावर उरलेल्या सर्व पानांवर शंकेची सावली पडते. पुढे त्या मासिकाच्या धुरीणांनीच ती चूक मान्य केली.

१५/ फेरफार संगणकाने जन्माला घातले असेही नाही. अब्राहम लिंकन यांचे एक रुबाबदार पूर्णाकृती मुद्राचित्र प्रसिद्ध आहे. त्यातील धड लिंकन यांचे नाही. ते जॉन कॅल्हून यांच्या जुन्या चित्रातले आहे. गुलामगिरीचा कडवा समर्थक असलेल्या नेत्याच्या खांद्यांवर गुलामांच्या मुक्तिदात्याचे शिर बसवले गेले. टेबलावरील कागदांची शीर्षकेसुद्धा बदलण्यात आली.

१६/ हे गुपित फुटले ते एका तिळामुळे. लिंकन यांच्या गालावरील तीळ या चित्रात उलट्या बाजूला होता, कारण शिर जोडताना छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे झाले होते. स्टीफन लोरँट या चित्रसंपादकाच्या नजरेने ते टिपले. जो लिंकन यांची अनेक छायाचित्रे शेजारी ठेवून पाहत होता, त्यालाच हे दिसू शकले.

१७/ आता फोटोशॉपकडे वळू. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारी एक छोटी प्रणाली लिहिली. त्यांचे बंधू जॉन चित्रपटांच्या विशेष दृश्यांचे काम करीत. दोघांनी मिळून ती वाढवली, ‘अडोबी’ने घेतली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. लाखो डॉलरचे सामर्थ्य आता टेबलावर आले.

१८/ त्याचे मोल ४ वर्षांत कळले. २७ जून १९९४ च्या अंकांवर ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी ओ. जे. सिम्पसन यांचे एकच छायाचित्र छापले. खुनाच्या आरोपाखाली अटक झाल्यावर लॉस एंजेलिस पोलिसांनी काढलेले ते चित्र. ‘न्यूजवीक’ने ते जवळजवळ जसेच्या तसे दिले. ‘टाइम’चे चित्र मॅट माहुरिन यांनी घडवले होते.

१९/ हे मुखपृष्ठ पुन्हा घडवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. छटारेषा खाली ओढून मधले रंग गडद करायचे, रंगांची तीव्रता उतरवायची, कडांना काळोख द्यायचा, चेहरा किंचित धूसर करायचा, कैद्याच्या पाटीवरचे आकडे लहान करायचे. काहीही कापले नाही, काहीही सरकवले नाही. तरी एका कृष्णवर्णीय आरोपीचा चेहरा अधिक काळा आणि अधिक भयावह झाला. खटला तर अजून उभाही राहिला नव्हता.

२०/ संताप उसळला. व्यवस्थापकीय संपादक जेम्स गेन्स यांनी पुढच्या अंकात खुलासा केला की वंशभेदाचा कोणताही हेतू नव्हता. त्यांच्या हेतूवर शंका न घेताही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे ‘छायाचित्रावर आधारित चित्र’ आहे अशी नोंद त्या अंकात होती, पण ती आतल्या पानावर. मुखपृष्ठ रस्त्यावर टांगलेले होते आणि खुलासा घडीत मिटलेला.

२१/ हा फेरफार तत्काळ उघडा पडला, कारण मूळ प्रत शेजारीच लटकत होती. कल्पना करा की त्या आठवड्यात ‘न्यूजवीक’ने दुसरा विषय निवडला असता. मग गडद चेहराच किती जणांच्या मनात खरा म्हणून बसला असता? इतिहासाच्या अभ्यासात आपण ज्याला दुसरे साधन म्हणतो, त्याचे महत्त्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

२२/ आपल्याकडचे उदाहरणही विसरू नये. शिवछत्रपतींचे म्हणून एकेकाळी जे चित्र प्रचलित होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांच्या आधारे महाराजांचे विश्वसनीय चित्र १९३३ मध्ये प्रकाशात आणले. जुन्या चित्रात कोणी फेरफार केला नव्हता. चूक चित्राखालच्या नावात होती आणि ती दुरुस्त करायला कागदपत्रे धुंडाळणारा संशोधक लागला.

२३/ म्हणून जुने मुखपृष्ठ किंवा छायाचित्र समोर आले की चार प्रश्न विचारा. मूळ प्रत कोठे आहे? चौकटीबाहेर काय असू शकेल? याच प्रसंगाचे दुसरे चित्र मिळते का? आणि चित्राखालचे नाव कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिले? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर पुढे पाठवण्याची घाई करू नका.

२४/ आणि स्वतः पुनर्निर्मिती करणार असाल, तर अवश्य करा. जुन्या छपाईची अक्षरे, शाई, कागद समजून घ्यायला यासारखा दुसरा अभ्यास नाही. फक्त ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द कोपऱ्यात ठेवू नका. तो चित्राच्या मध्यातून असा न्या की कापायला गेल्यास चित्रच फाटावे. थर असलेली मूळ फाइल आणि कच्चे छायाचित्रही जपून ठेवा.

२५/ माझ्या त्या मुखपृष्ठाखाली मी खुलासा लिहिला, मूळ फाइल दाखवली. पाठवणाऱ्या गृहस्थांनी दिलगिरी व्यक्त करून ते काढून टाकले. पण तोवर ते इतर किती ठिकाणी पोहोचले होते कोण जाणे. उद्या एखाद्या लेखात ते पुरावा म्हणून छापले गेले, तर त्या चुकीचा पहिला धनी मीच असेन. तुम्हाला ते कोठे दिसले तर कृपया कळवा. पिवळट कागद, सरकलेली लाल शाई आणि कापलेला कोपरा.