कुबडी ते बाह्यकंकाल : आधाराच्या इतिहासाविषयी काही

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे आणि त्याच तालुक्यात जांब समर्थही आहे. जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्मसाल १६०८. समर्थांची मूर्ती डोळ्यांपुढे आणली की तिच्यासोबत कुबडी येतेच. सज्जनगडावर समर्थांची म्हणून जपलेल्या कुबडीत तर गुप्ती आहे. म्हणजे आमच्या परंपरेतील सर्वांत विख्यात कुबडी ही दुर्बळतेची खूण नव्हे. ती जपाच्या बैठकीतला टेका आहे आणि शस्त्राचे म्यानही. आजच्या मराठीत मात्र हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच येतो. सरकार कुबड्यांवर उभे असते, संस्था अनुदानाच्या कुबड्या घेते, आणि आम्ही समीक्षक मंडळी एखाद्या कवितेला प्रस्तावनेची कुबडी लागते असे सहज लिहून जातो. आधार घेणे म्हणजे उणे असणे, हे आम्ही न तपासताच गृहीत धरले आहे. चालण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्रांचा इतिहास वाचताना हे गृहीतक डळमळते, म्हणून हा लेख.

शरीरावर बाहेरून चढवायच्या यांत्रिक सांगाड्याला इंग्रजीत एक्सोस्केलेटन म्हणतात. खेकड्याच्या वा झुरळाच्या कवचासाठी जीवशास्त्रात रुळलेला ‘बाह्यकंकाल’ हा शब्द त्याला चपखल बसतो. कृत्रिम पाय नसलेल्या पायाची जागा घेतो. बाह्यकंकाल असलेल्या पण न चालणाऱ्या पायाला वेढून त्याला चालवतो. ऋग्वेदातील विश्पलेला अश्विनांनी दिलेली धातूची जंघा पहिल्या प्रकारात मोडते. दुसऱ्या प्रकाराचा खरा पूर्वज आहे तो पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांतला कॅलिपर. दोन उभ्या धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट आणि गुडघ्याशी खटका. उभे राहताना खटका लावायचा, बसताना काढायचा. चालण्याचे बळ मात्र ज्याचे त्यानेच खांद्यांतून आणि कमरेतून आणायचे. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला. पण कॅलिपर घालून शाळेत गेलेली पिढी आजही आपल्यात आहे.

महाराष्ट्रात या विद्येला संस्थारूप मिळाले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९५५ साली मुंबईत हाजी अलीजवळ भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे १९७४ साली खडकीला मज्जारज्जूच्या दुखापतीने अधू झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आले.

बाहेरच्या जगात याच सुमारास कॅलिपरला शक्ती जोडण्याची खटपट चालू होती. रशियातील निकोलस याग्न याने १८९० सालीच चालणे-धावणे सुकर करणाऱ्या स्प्रिंगच्या साधनाचे अमेरिकी पेटंट घेतले होते. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने रचलेला ‘हार्डीमन’ सुमारे ६८० किलो वजनाचा होता. त्यात माणूस सुरक्षितपणे चालू शकला नाही. बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच यांनी पक्षाघातग्रस्तांसाठी शक्तिचलित सांगाडे केले आणि तोल राखण्याचे जे गणित मांडले, ते आजही चालत्या यंत्रमानवांच्या कामी येते. इस्रायलचे अमित गॉफर १९९७ सालच्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत आले. त्यांनी केलेल्या ‘रीवॉक’ला २०१४ साली अमेरिकेत घरगुती वापराची परवानगी मिळाली. त्यात नितंब व गुडघ्यांशी मोटारी आहेत. धड पुढे झुकले की संवेदक ते ओळखतो आणि पाऊल पडते. पण तोल सांभाळायला दोन्ही हातांत कुबड्या घ्याव्याच लागतात. गॉफर यांचे हातही अधू झाल्यामुळे स्वतःचे यंत्र त्यांना स्वतःला वापरता आले नाही! कुबडीला हिणवणाऱ्या आमच्या भाषेने या प्रसंगाशी थोडे थांबावे.

आणखी एक प्रश्न उरतो : चालणे म्हणजे कोणाचे चालणे? १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ यशस्वी झाला, कारण तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाचा विचार करून घडला होता. बाह्यकंकाल मात्र खुर्चीवरून उठून सपाट फरशीवर चालणाऱ्या माणसाचा विचार करतो. कुंभार पिंपळगावच्या नावातच कुंभार आहे. आणि कुंभाराचे सारे काम जमिनीलगतचे, चाकाशी ओणवे होऊन करायचे. जे यंत्र त्याला उभे करील पण चाकाशी बसवणार नाही, ते त्याला अर्धेच साहाय्य करील. काळ्या मातीच्या वाटा, घराचा उंबरठा, चार्जिंगसाठी लागणारी वीज आणि यंत्राची किंमत हे प्रश्न संशोधनाबाहेरचे नाहीत. ते संशोधनाचेच प्रश्न आहेत.

यंत्राचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. सतत बसून राहिल्याने दाबव्रण होतात, हाडे ठिसूळ होतात. उभे राहण्याला वैद्यकीय मोल आहेच. परंतु उभे राहणे हीच माणूसपणाची अट मानली की गफलत होते. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले, ते चालून नव्हे. कोल्हापुरात १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभारणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी आत्मकथनाला नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. शीर्षकात खुर्ची आहे, तिच्यातून सुटका नाही. हे नाव विद्यार्थ्यांपुढे ठेवताना, आधार ही उणीव की साधन, एवढा एक प्रश्न आपण विचारला तरी पुष्कळ झाले.

आधाराशिवाय कोणीच उभे नसते. कोणाचा आधार दिसतो, कोणाचा दिसत नाही, एवढेच. समर्थांच्या शेजारगावी तरी ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये.