भाईंदर-नायगावचा पूल: लोकलमधून फेकलेला नारळ खाली कुठे पडतो?

दादर किंवा ग्रँट रोडवरून विरार लोकल पकडली की भाईंदरनंतर गाडीचा आवाज बदलतो. दारातली मंडळी हात जोडतात आणि कोणीतरी पिशवीभर निर्माल्य पाण्यात भिरकावतं. खाली असते वसईची खाडी, म्हणजे घाटात उगम पावणाऱ्या उल्हास नदीचं समुद्राला मिळणारं मुख.

हा पूल आला कसा? बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) या कंपनीने गुजरातकडून रूळ टाकत आणले आणि 28 नोव्हेंबर 1864 रोजी गाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. वाटेत नर्मदा, तापी आणि ही खाडी. चिखलात दगडी खांब उभे करणं अवघड, म्हणून कंपनीचे अभियंते कर्नल जे. पी. केनेडी यांनी लोखंडी स्क्रू-पाइल वापरले. खांबाच्या टोकाला रुंद पातं असतं, आणि खांब फिरवत फिरवत तळात घुसवायचा, अगदी लाकडात स्क्रू पिळतात तसा. मूळ शोध अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याचा, 1833 च्या पेटंटचा. मिचेल अंध होते!

12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, तीही हीच खाडी ओलांडून. आजच्या गाड्या त्या जुन्या पुलावरून जात नाहीत, शेजारी नंतर नवे पूल बांधले गेले.

आता मुद्द्याचं. खरं तर हा एक पूल नाही, दोन आहेत. मधे पाणजू बेट आहे आणि तिथे गाव आहे. गावकरी होडीने ये-जा करतात. होडी बंद असली की रुळांच्या कडेने पुलावरून चालत नायगाव गाठतात. सप्टेंबर 2025 मध्ये असाच चालत निघालेला पाणजूचा एक तरुण धावत्या लोकलमधून फेकलेल्या नारळाने जखमी झाला आणि दगावला. फेकणाऱ्याच्या मनात बहुधा भक्तीच असावी. पण धावत्या गाडीचा वेग नारळालाही मिळतो, आणि तो पाण्याऐवजी माणसावर आदळला तर दगडासारखाच लागतो.

दारात उभं राहून खाली कोण चालतंय हे दिसत नाही. निर्माल्याची पिशवी असेल तर ती स्टेशनवर उतरेपर्यंत हातातच ठेवा आणि निर्माल्य कलशात टाका.