एका उपेक्षित निबंधाची कथा

विद्वानाची योग्यता कशी मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे. हल्ली त्यास आकड्यांनी उत्तर देण्याची रीत पडली आहे. युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ पासून शास्त्रीय निबंधांची एक सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढील कोणकोणत्या निबंधांत झाला, हे तीवरून कळे. ही सोय मुख्यतः अभ्यासकांस निबंध शोधता यावेत म्हणून होती. परंतु पुढे उल्लेखांची संख्या हेच संशोधकाच्या मोठेपणाचे माप होऊन बसले. हे माप कितपत खरे, याचा विचार करण्याजोगी एक हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोंबडी, हंस इत्यादी पक्ष्यांच्या आतड्याच्या शेवटाशी एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसिउस यांनी तिचे वर्णन केले व ते त्यांच्या निधनानंतर, १६२१ साली छापले गेले. मात्र ती पिशवी कोणते कार्य करते, हे त्यानंतर तीनशे वर्षे उलगडले नाही.

१९५० नंतर लवकरच ओहायओ राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने हंसाचे विच्छेदन करीत असलेल्या आपल्या गुरूंस हाच प्रश्न केला. उत्तर गुरूंसही ठाऊक नव्हते. त्यांनी ते लपविले नाही. उत्तर तूच शोधून काढ, असे त्यांनी शिष्यास सांगितले. ग्लिक यांनी कोंबड्यांच्या पिल्लांची ती पिशवी काढून पाहिली. पण पक्षी चांगले वाढले आणि काही उमगले नाही.

पुढे टिमोथी चँग नावाच्या त्यांच्या सहाध्यायास वर्गात एक प्रयोग दाखवावयाचा होता. जंतूंचा अंश टोचला असता रक्तात त्यांस विरोध करणारी द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, कशी उत्पन्न होतात, हे त्यांस दाखवावयाचे होते. त्यांनी ग्लिक यांच्याकडील कोंबड्या घेतल्या. प्रयोग फसला! ज्यांची पिशवी लहानपणीच काढली होती, त्यांतील बहुतेकींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. फसलेल्या प्रयोगातच उत्तर दडलेले होते. दोघांनी अधिक प्रयोग करून निबंध लिहिला. ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने तो परत पाठविला. अखेर १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात तो छापला गेला. रोगप्रतिकारशास्त्राचे पंडित ते नियतकालिक कशाला वाचतील? कित्येक वर्षे त्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९६१ साली लंडन येथे जॅक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग करून छातीतील थायमस ग्रंथीचे महत्त्व सिद्ध केले. १९६५ साली मिनेसोटा येथे मॅक्स कूपर व त्यांचे सहकारी यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांनी दाखविले की, शरीराच्या संरक्षणाच्या दोन शाखा आहेत : एक थायमसची, दुसरी या पिशवीची. पुढे त्या पेशींस टी व बी अशी नावे पडली. ‘बी’ हे अक्षर पिशवीच्या ‘बर्सा’ या नावावरून आले. मनुष्यास ती पिशवी नाही. त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात. आज लस टोचल्यावर प्रतिपिंडे निर्माण होतात, ती या पेशींमुळेच. २०१९ साली मिलर व कूपर यांस लास्कर पुरस्कार मिळाला. आणि ग्लिक-चँग यांचा तो छोटा निबंध या शास्त्रातील अभिजात निबंधांत गणला जाऊ लागला.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. अध्यापनाच्या दीर्घ काळात किती तरी मुलांच्या अशा प्रश्नांस ‘हे परीक्षेत येत नाही’ म्हणून आम्ही वाटेस लावले. त्यांतील कोणता प्रश्न कोठवर गेला असता, हे आता कोण सांगणार?

आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आज प्रयोगशाळांतून काम करीत आहेत. निबंध किती झाले, उल्लेख किती झाले, असे त्यांस घरीही विचारले जाते. १९५८ साली ग्लिक यांस हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर फारसे भूषणावह आले नसते. आकडा खोटा नसतो; तो पुष्कळदा उशिरा येतो. तेव्हा सणासुदीस मुले घरी आली, म्हणजे त्यांस संख्या न विचारता, तुम्ही कोणत्या प्रश्नाच्या मागे आहात, एवढेच विचारावे, अशी आमची वडीलधाऱ्यांस नम्र विनंती आहे.