गोडेलने दिलेली वाढदिवसाची भेट

प्रकाशाचा वेग शिकवून झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : 'सर, मग भूतकाळात जाता येईल का?' आपण बहुधा हसून पुढच्या धड्याकडे वळतो. परदेशातल्या काही महाविद्यालयांत मात्र तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी सबंध सत्रभर हाच प्रश्न अभ्यासतात. तो कथा-कादंबऱ्यांतून उठून तिथवर पोचला, त्यात मोठा वाटा एका गणितज्ञाचा आहे.

कुर्ट गोडेल १९४० मध्ये युद्धग्रस्त युरोपातून सैबेरियामार्गे जपान आणि तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत आला. १९३१ च्या अपूर्णतेच्या प्रमेयांमुळे त्याचं नाव झालेलंच होतं. प्रिन्स्टनला त्याची आइन्स्टाइनशी गट्टी जमली. दोघे रोज बोलत बोलत घरी जात. १९४९ मध्ये आइन्स्टाइनला सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा गोडेलने त्याला भेट दिली ती त्याच्याच समीकरणांच्या एका विलक्षण उकलीची.

या उकलीतल्या विश्वात सगळं द्रव्य एका ठरावीक गतीनं फिरत असतं. परिणाम चमत्कारिक. पृथ्वीवर आपण सतत पूर्वेकडे चालत राहिलो तर, कुठेही मागे न वळता, पुन्हा निघालेल्या जागी येतो. गोडेलच्या विश्वात हेच काळाबाबत घडू शकतं. प्रवासी प्रत्येक क्षणी भविष्याकडेच जात असतो, प्रकाशाचा वेगही कधी ओलांडत नाही. तरी पुरेसा मोठा फेरा घेतल्यास तो स्वतःच्याच भूतकाळात पोचतो. यानाला प्रकाशाच्या सुमारे ७१ टक्के वेग लागेल, हेही गोडेलने काढलं होतं. इंधनाचा हिशेब मात्र अफाट येतो.

पण यान बांधणं हा त्याचा हेतू नव्हताच. इंग्लंडमधला तत्त्वज्ञ मॅकटॅगर्ट याने १९०८ मध्येच काळ वास्तव नाही असं म्हटलं होतं, आणि गोडेलचा रोख त्याच बाजूला होता. सापेक्षतेनुसार दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या की नाही हे निरीक्षकावर अवलंबून असतं. मग सगळ्यांचा मिळून एकच 'आत्ता' कुठून आणायचा? जेम्स जीन्ससारख्यांचं उत्तर होतं, की विश्वातल्या द्रव्याच्या सरासरी गतीवरून एक सामाईक काळ ठरवता येतो. गोडेलच्या विश्वात तोही ठरवता येत नाही. जिथं गेलेल्या काळात परत जाता येतं, तिथं काळ 'गेला' असं म्हणण्याला अर्थ काय? आणि ते विश्व आणि आपलं विश्व यांचे नियम एकच, फरक फक्त द्रव्याच्या मांडणीचा. काळाचं वाहणं खरं की खोटं हे अशा मांडणीवर अवलंबून असावं, हे गोडेलला पटण्यासारखं नव्हतं. (मला हा शेवटचा दुवा जरा कच्चा वाटतो. पाणी द्रव की घन हे परिस्थितीवरच ठरतं ना?)

आइन्स्टाइनने उत्तरात मान्य केलं, की ही शंका त्यालाही पूर्वी सतावत होती. पण अशा उकली भौतिक कारणांनी बाद ठरतात का, हे तपासायला हवं. १९९२ मध्ये हॉकिंगने तशीच अटकळ मांडली. ती अजून सिद्ध झालेली नाही.

आजोबांना मारण्याच्या कोड्यावर डेव्हिड लुइसचा १९७६ चा लेख या अभ्यासक्रमांत आवर्जून वाचतात. नातू भूतकाळात जातो, हाती बंदूक, नेमही चांगला. आजोबांना तो मारू 'शकतो' का? लुइस म्हणतो, 'शकणे' हा शब्द आपण काय गृहीत धरतो त्यावर ठरतो. बंदूक आणि नेम पाहिला तर शकतो. आजोबा पुढे म्हातारे होऊन वारले हेही धरलं तर नाही. गोळी चुकेल, पाय घसरेल, काहीतरी साधंसं होईल. म्हणजे भूतकाळात जाणं विसंगत नाही, तो बदलणं विसंगत आहे. वर्गात हे सांगून पाहा. तास पुरणार नाही.

आपलं विश्व असं फिरत असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. गोडेलच्या युक्तिवादाला त्याची गरजही नव्हती. तरीही आकाशगंगांच्या फिरण्याला ठरावीक दिशा असल्याचं काही आढळलं का, हे तो जाणकारांना विचारत राहिला. १९७८ च्या जानेवारीत तो गेला.