भूक टिपलेला कॅमेरा आणि नाच

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील, ती काढणाऱ्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्यातली बरीचशी सुनील जाना यांची. याच माणसाने पुढे भारतातल्या मोठ्या नर्तकींची अप्रतिम छायाचित्रे काढली. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत.

तो दुष्काळ युद्धाने आणला होता. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्यावरच्या हजारो होड्या काढून घेतल्या, त्यामुळे मासेमारी आणि मालाची ने-आण दोन्ही बसली. त्यात लष्करी खरेदी आणि साठेबाजी. भाव गगनाला भिडले. सुमारे ३० लाख माणसे गेली. त्यात पूर्व बंगालचे भूमिहीन मुसलमान शेतमजूर आणि कोळी किती असतील, याचा हिशेब कुणी ठेवला?

कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी पंचविशीतल्या जानांना आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना सोबत नेले. छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापली गेली आणि मदतीसाठी पैसा उभा राहू लागला. इकडे अण्णा भाऊ साठे ‘बंगालची हाक’ लिहीत होते, तिकडे वामिक जौनपुरींची ‘भूका है बंगाल’ ही नज्म इप्टाची पथके गात होती. पण मरणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरावा लागतो, याची टोचणी जानांना राहिली. खरेच आहे. उपाशी माणूस ‘नको’ कसा म्हणणार? त्याच्या अंगात तेवढेही बळ नव्हते.

मुंबईत अंधेरीला इप्टाचे मध्यवर्ती पथक शांती बर्धन यांच्या हाताखाली नृत्यनाट्ये बसवत होते. जानांनी त्यांचीही छायाचित्रे काढली. १९४८ मध्ये जोशींचे नेतृत्व गेले, पक्षाचा सूर बदलला. जाना कलकत्त्यात स्टुडिओ चालवू लागले. मुंबईत वाढलेल्या शांता राव, रागिणी देवी, त्यांची मुलगी इंद्राणी रहमान यांना त्यांनी मनापासून टिपले. शांता राव यांची छायाचित्रे १९७९ मध्ये ‘डान्सेस ऑफ द गोल्डन हॉल’ या पुस्तकात आली.

आपल्याकडे नाच म्हटला की भुवया चढतात, आणि तसवीर जायज की नाजायज हा तर जुनाच वाद. तो वाद इथे उकरत नाही. मला दिसते ते एवढेच: नर्तकी स्वतःहून उभी राहते, हात कुठे थांबवायचा ते ती ठरवते, पसंत नसेल तर पुन्हा करून दाखवते. सापळे झालेल्या देहांनंतर जानांच्या भिंगासमोर स्वतःच्या मर्जीचे मालक असलेले देह आले. याला कुणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही. या माणसाने भुकेकडे पाठ फिरवली नव्हती. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्याबरोबर तो दक्षिणेतल्या दुष्काळातही हिंडला होता.

इंद्राणींचे एक नाते आपल्या मुलखाशीही आहे. त्यांचे वडील रामलाल बाजपेयी नागपूरचे, इंग्रजांविरुद्ध काम करून अमेरिकेत गेलेले. नागपूर तेव्हा आमचा बुलढाणा ज्यात होता त्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. आई रागिणी देवी जन्माने अमेरिकन, मूळ नाव एस्थर शर्मन. इंद्राणींचे शोहर हबीब रहमान म्हणजे दिल्लीत मौलाना आझादांच्या मजारीची रचना करणारे वास्तुविशारद. स्वतः हबीबसाहेबही बायकोच्या नाचाची छायाचित्रे काढत.

जाना २१ जून २०१२ रोजी अमेरिकेत बर्कलीला वारले. शेवटच्या वर्षांत नजर फार अधू झाली होती. त्याआधी, १९९८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते मांडले होते राम रहमान यांनी, म्हणजे इंद्राणी आणि हबीब यांच्या मुलाने.